डब्याचं पाचवं भोक

माणूस मिसरूड फुटल्यावर मोठा होतो म्हणतात. मी लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर झालो. लहानपणाचं माझ्याकडं सांगण्यासारखं फार नाही. सातवीत शाळा सुटली, चुलत्यानं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्याच्या कामाला चिकटवलं, आणि तिथून पुढं मी पत्रा कापत, वाकवत, भोकं पाडत राहिलो. अंगानं वाढलो, डोकं जिथल्या तिथं. ते वाढलं आमच्या घरात कॉम्प्युटरची कार्डं व्हायला लागली तेव्हा, आणि तेसुद्धा एका माणसाचा अपमान करून आणि बायकोचं मन मोडून वाढलं. तेवढाच तुकडा मी लिहितोय. ही वहीसुद्धा शालनची आहे, माझ्या बायकोची. पुढच्या पानांवर तिनं काढलेल्या सर्किटच्या आकृत्या आहेत, पेन्सिलीनं, पट्टी लावून. मागची पानं कोरी होती, तिथनं मी सुरुवात केली. तिला जाऊन चौदा महिने झाले. ती असती तर माझं अक्षर बघून हसली असती, आणि काय लिहिलंय ते वाचून स्वयंपाकाला उठली असती.

उद्यमनगरातलं आमचं घर म्हणजे पुढं शेड, मागं दोन खोल्या आणि मधे पत्र्याचं पार्टिशन. डावीकडं पॉवर प्रेस, उजवीकडं फौंड्री, समोर लेथ. सकाळी आठाला प्रेस सुरू झाला की मांडणीतल्या पितळी वाट्या वाजायला लागायच्या आणि संध्याकाळी सहाला थांबायच्या. शालन म्हणायची, माझ्या वाट्यास्नीबी ड्युटी हाय. भाकरी थापताना तिचा हात प्रेसच्या ठोक्यावर पडायचा, तिला कळायचंही नाही. फौंड्रीची काळी वाळू उंबऱ्यापर्यंत यायची, ती दिवसातनं तीनदा झाडावी लागायची. घरात वास दोनच, एक कांदा-लसणाच्या चटणीचा आणि दुसरा सोल्डरच्या, म्हणजे तारा डागायच्या कथलाच्या, धुराचा. तो धूर राळेसारखा गोडसर असतो, अंगाच्या कपड्यात बसतो, धुऊन जात नाही. तिची दोन लुगडी अजून ट्रंकेत आहेत. मी ट्रंक उघडत नाही.

शालन आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. त्या काळात आमच्या भावकीत हा चेष्टेचा विषय होता. लग्नात तिच्या रुखवतात लाडू-चिवड्याच्या ताटाशेजारी सोल्डरिंगची डागणी मांडलेली होती, आणि माझी मावशी सगळ्यांना विचारत हिंडलेली की ही कसली उलथणी म्हणून. लग्नानंतर ती रेडिओ, स्टॅबिलायझर दुरुस्त करायची आणि मी डबे करायचो. पुढं ती कार्डाच्या पाट्या घरीच करायला लागली. तांबं चढवलेल्या पाटीवर पाहिजे तेवढ्या रेघा नेलपॉलिशनं रंगवायच्या आणि पाटी ॲसिडात सोडायची. रंगवलेलं तांबं राहतं, बाकीचं ॲसिड खातं. त्यासाठी प्लास्टिकची परात लागायची. पिठाची परातही प्लास्टिकचीच होती, म्हणून तिनं ॲसिडच्या परातीच्या कडेला नेलपॉलिशचा तांबडा पट्टा ओढलेला. मी संशयी माणूस. जेवायला बसलो की भाकरी मोडायच्या आधी दोन्ही पराती कुठं आहेत ते बघून घ्यायचो. इतक्या वर्षांत तिची एकदाही चूक झाली नाही, तरी बघायचो.

हा स्वभाव मला कुणी शिकवला नाही. पत्र्याच्या धंद्यात चार पैशाचा पत्रा कोण पळवतं ते बघताबघता डोळ्यांना वळण लागतं. चहा पिताना कप मोजायचे, गिऱ्हाईक आलं की त्याच्या चपला कुठल्या गावच्या आहेत ते बघायचं, दोन माणसं हळू बोलत असली की पार्टिशनला कान लावायचा. शालनला हे माहीत होतं. ती बोलताना मुद्दाम आवाज चढवायची, म्हणजे मला कान लावायचे कष्ट पडू नयेत.

कार्ड आमच्या घरात आणलं ते गौतम कांबळेनं. कागलच्या अलीकडच्या खेड्यातला, बौद्ध समाजाचा, एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियन. हातात गुण होता आणि डोक्यात वळवळ. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यानं बघितलेलं की कारकून आकडा वाचतो एक आणि लिहितो एक, आणि मग बैलगाडीवाला आणि कारकून यांची रोजची भांडणं. त्याच्या मनात आलं, हा आकडा स्वतःच चालत कॉम्प्युटरात का जाऊ नये. म्हणून त्यानं घरी एक कार्ड बनवलं, काट्याची तार एका बाजूला लावायची आणि कॉम्प्युटरची दुसऱ्या. ते निम्मं चालायचं, निम्मं नाही. कुणीतरी त्याला शालनचं नाव सांगितलं. तीन सोमवार दोघं त्या कार्डावर वाकून बसली, तिसऱ्या सोमवारी आकडा पलीकडं उमटला. शालननं शिरा केला. कांबळे तिला ताई म्हणायचा, म्हणून मी त्याचा दाजी. "दाजी, आता तुमच्या पत्र्याला काम लागणार बगा," असं तो म्हणाला ते मला आठवतं, कारण तेव्हा मी त्याची पिशवी कुठं ठेवली आहे ते बघत होतो.

सोमवार आमच्याकडच्या कारखान्यांच्या सुट्टीचा वार. प्रेस बंद, वाट्या गप्प, बोललेलं ऐकू यायचं. म्हणून शालननं सोमवार हौशी माणसांसाठी ठेवला. कांबळे आपली सुट्टी मागून सोमवारी घ्यायचा. आजऱ्याचे एक काजूवाले यायचे, त्यांना काजू भाजायच्या भट्टीची धग कॉम्प्युटरवर बघायची होती. हायस्कूलचे एक विज्ञानाचे सर, एक घड्याळजी, एक केबलवाला. ही माणसं एक कार्ड न्यायची आणि चाळीस प्रश्न विचारायची. चहा व्हायचा, भडंग व्हायचं, परत चहा व्हायचा. शालन त्यांना सुटं कार्ड द्यायची, भोकं मोकळी, सोल्डर त्यांनी आपल्या हातानं करायचं, आणि पाकिटात आकृतीचा कागद. त्या कागदावरनं मी कुरकुरायचो. आपलं पोट त्या कागदात आहे आणि तू तो भडंगासारखा वाटतेस, म्हणायचो. ती म्हणायची की चूक ह्याच लोकांना सापडते. ते खरं होतं. काजूवाल्यांनी उष्णतेत कार्ड कुठं सुटतं ते दाखवलं, घड्याळजीनं आकडा का लंगडतो ते दाखवलं. पण खरं असलं म्हणून मला पटायचं असं नाही.

मग कंपनी आली. पुण्याकडची, वजनकाटे बनवणारी, नाव लिहीत नाही. त्यांचे खरेदीचे साहेब पांढऱ्या गाडीतनं आले, स्टुलावर रुमाल अंथरला आणि तरी उभेच राहिले. चहा घेतला नाही. कार्ड त्यांना आवडलं. एकदम शंभर पाहिजे होती, पण सुटी कार्डं नकोत, डब्यात बंद पाहिजेत. काळा रंग, चारी कोपरे सारखे, बोटाचा डाग चालणार नाही, कागदपत्रं तीन प्रतींत. मला ते ऐकून गुदगुल्या झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पत्र्याबद्दल बोलत होतं. जाताना साहेब म्हणाले, "आम्हाला जे देता ते रस्त्यावर मिळता कामा नये. हा हौशी लोकांचा बाजार बंद करा."

गाडी वळल्यावर शालन म्हणाली की ज्यांनी कार्ड घरात आणलं त्यांच्याच तोंडावर दार लावायचं काय. मी म्हणालो, चूल कंपनीवर पेटणार, सोमवारवर नाही. ती म्हणाली, आणि अक्कल कशावर पेटणार? असं दोन दिवस चाललं. शेवटी दोन्हीकडं पाय ठेवायचं ठरलं. सोमवारच्या माणसांना सुटं कार्ड आणि कागद पूर्वीसारखंच. कंपनीला बंद डबा, आत कागद नाही, आणि कार्डावरच्या चिपांचे आकडे घासून टाकलेले, म्हणजे उघडून बघणाऱ्याला कुठली चिप आहे ते कळू नये. ही घासायची चाल त्या धंद्यात सगळेच करायचे. ते काम मी घेतलं. पॉलिश पेपरनं एकेका चिपेवरचा आकडा मी मन लावून घासायचो. शालनला ते बघवायचं नाही. "कुंकू पुसलेल्या कपाळागत दिसतंय," असं एकदा म्हणाली. मी हसलो. ती स्वतः पुढं कुंकवासकट गेली, आणि मी इथं बसून तिचं ते वाक्य लिहितोय.

डब्यांची गंमत सांगायची राहिली. तळाच्या पत्र्याला चार भोकं पाहिजे होती, कोपऱ्याला एक एक. मी पहिला पत्रा आखला, ड्रिलला लावला आणि पत्रा सरकला. चौथं भोक बोटभर आत पडलं. मी ते सोडून चौथं बरोबर जागी परत पाडलं, म्हणजे पाच झाली. तिथवर ठीक होतं. पण पुढच्या पत्र्यांना नमुना म्हणून मी तोच पत्रा वर ठेवला, दहा-दहाची थप्पी चिमट्यात धरली आणि दणादण भोकं पाडत सुटलो. शंभराच्या शंभर तळांना पाच भोकं. नवा पत्रा आणायला वेळ नव्हता. शालननं मेजावर डोकं टेकून हसून घेतलं, मग रविवार पेठेत जाऊन काळ्या रबराची बुचं आणली आणि प्रत्येक पाचव्या भोकात एक बूच बसवलं. कंपनीचा तपासनीस व्हर्नियर लावून सगळं मोजून गेला. बूच कशाला हे त्यानं विचारलं नाही. त्याला वाटलं असणार की असतं.

वर्षभर बरं चाललं. मग कंपनीची मागणी निम्म्यावर आली, मग त्याच्याही निम्म्यावर. मी एसटीनं पुण्याकडं गेलो. साहेबांनी मला बसवलं, ड्रॉवरमधनं एक डबा काढला आणि टेबलावर ठेवला. काळा रंग, तेच माप, तीच जाळी. वरची चिठ्ठी तेवढी दुसऱ्या नावाची.

"हे बाजारात फिरतंय," साहेब म्हणाले. "आतलं कार्ड तुमचंच. आता मला सांगा, तुमच्याकडं सोमवारी कोण कोण येतं, कधी मोजलंत?"

तो डबा मी उचलून बघायला पाहिजे होता. मी पत्र्याचा माणूस, उलटा करून तळ बघणं हा माझा धर्म. पण साहेबांच्या टेबलावरची वस्तू उचलायची माझी छाती झाली नाही. मी मान डोलावली आणि परत फिरलो. साताऱ्यापासून कराडपर्यंत मी एकेकाला घेतलं आणि घासलं. काजूवाले पैसेवाले, त्यांना गरज नाही. सर शाळेतले. घड्याळजी म्हातारा. केबलवाल्याला एवढी अक्कल नाही. कोल्हापूर यायच्या आत माझ्या यादीत एकच नाव उरलं होतं, आणि ते उरावं अशीच यादी मी केलेली होती. हे मला त्या वेळीही आतनं माहीत होतं. आज लिहायला लाज वाटत नाही, तेव्हा वाटायला पाहिजे होती.

पुढच्या सोमवारी पाचही जण आले. भिंतीच्या खुंट्यांवर पाच पिशव्या लटकत होत्या. शालन सोल्डर करत होती, चहा चुलीवर होता. मी उठलो, कांबळेची पिशवी काढली आणि बाकावर उलटी केली. साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन कामगाराची करतो तशी. जेवणाचा डबा पडला, टेस्टर पडला, चष्म्याचं घर पडलं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक कार्ड पडलं. मी ते उचलून सगळ्यांना दाखवलं आणि विचारलं की हे कुठं निघालं होतं.

कांबळेनं घाई केली नाही. डबा पिशवीत ठेवला, टेस्टर ठेवला, चष्म्याचं घर उघडून काच फुटली नाही ते बघितलं आणि ठेवलं. कार्ड तेवढं बाकावर राहू दिलं.

"पावणं," तो म्हणाला, "खुंटीवर पाच पिशव्या हायत. तुम्ही एकच काढलीसा."

सहा वर्षं मी त्याचा दाजी होतो. पावणं आमच्याकडं रस्त्यात वाट विचारणाऱ्यालाही म्हणतात. तो पायात चपला घालून गेला. त्याच्या मागं काजूवाले उठले, आमच्याकडं न बघता गेले. मग सर गेले, बाकीचे दोघं गेले. चहा उतू जाऊन चुलीवर चरचरला. ते कार्ड मी उलटं करून बघितलं. नवीन होतं, आमच्यापेक्षा चांगलं, दोन काटे एकदम जोडता येतील असं. मागच्या कोपऱ्यात नेलपॉलिशनं बारीक लिहिलेलं होतं, "ताईला दाखवणे."

मला वाटलं, बघा, सोंग किती पुढचं करतोय. असं वाटलं मला. शालननं सोल्डरची डागणी जागेवर ठेवली, हात धुतले आणि म्हणाली, भाकरी खाऊन घ्या. त्या दिवशी ती जेवली का ते मी बघितलं नाही. पराती मात्र बघितल्या.

सोमवार ओस पडला. सुट्टीच्या दिवशी घर इतकं गप्प असायचं की मला प्रेसची आठवण यायची. आणि संशय असा असतो की त्याला एक माणूस पुरत नाही. कांबळे गेला, नकली डबे निघतच होते. मग मी घरातच बघायला लागलो. एक दिवस शालन दळण आणायला गेलेली असताना शिलाई मशीनचा ड्रॉवर उघडला. आत पत्रांचा गठ्ठा होता, दोरा बांधलेला. निपाणी, इचलकरंजी, गडहिंग्लज, वारणानगर, कुठनं कुठनं लोकांनी लिहिलेलं, ताई आकृतीचा कागद पाठवा, ताई तुमचं कार्ड चाललं. मराठी पत्रं मी अक्षर लावून वाचली. त्यात एक बेंगळूरचं होतं, इंग्रजीत, टाइप केलेलं. इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, त्यामुळं त्यात वाटेल ते लिहिलेलं असू शकत होतं.

ती पिठाचा डबा डोक्यावरनं उतरवतेय तोच मी ते पत्र पुढं धरलं आणि विचारलं, "ह्यो बेंगळूरचा कोण? डबे करायला ह्यालाच दिलंस न्हवं?"

तिनं डबा जमिनीवर ठेवला. केसावरचं पीठ झाडलं. माझ्याकडं बराच वेळ बघितलं, जसं नापास कार्डाकडं बघायची, कुठं सुटलंय ते शोधत.

"तुम्ही आता मलाबी मोजाय लागलासा," ती म्हणाली.

बास. रडणं नाही, भांडण नाही, माहेरी जाणं नाही. स्वयंपाक वेळेवर, काम वेळेवर. फक्त तोपर्यंत ती चहाचा कप माझ्या हातात द्यायची, त्या दिवसापासून ड्रिलच्या बाकावर ठेवून जायला लागली. बाक थरथरायचा, कप सरकत सरकत कडेला यायचा. मी तो पडायच्या आत धरायचा. आता कुणी म्हणेल, कपाचं काय घेऊन बसलासा. त्यानं आधी बायको घालवून बघावं, मग बोलावं.

महिना-दीड महिन्यानं एसटीच्या पार्सलनं एक डबा आला. एका साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिशियननं दुरुस्तीला पाठवलेला, सोबत चिठ्ठी, की हंगाम सुरू आहे, काट्यावर गाड्यांची रांग लागलीय, लवकर करून द्या. शालन तो घेऊन बसली. मी बाहेर पत्रा कापत होतो. थोड्या वेळानं तिची हाक आली. दीड महिन्यात पहिली.

डबा तिनं उलटा करून ठेवलेला होता. तळाला पाच भोकं. पाचव्यात काळं बूच.

"हे भोक कशाचं?" तिनं विचारलं.

"माझं," मी म्हणालो. "पत्रा सरकला तवाचं."

"मग डबा कुणाचा?"

"आपला की."

तिनं झाकण काढलं आणि कार्ड माझ्यापुढं धरलं. "हे माझं सोल्डर न्हाय."

बाई आपला टाका ओळखते तसं ती आपलं सोल्डर ओळखायची. तिचा थेंब बारीक, टोकदार, मोगऱ्याच्या कळीसारखा. हे भद्दे गोळे होते. वरच्या चिठ्ठीवर दुसरंच नाव होतं, जे मी साहेबांच्या टेबलावर बघितलेलं. इलेक्ट्रिशियनला आमचा पत्ता माहीत, डबा आमच्यासारखा, म्हणून त्यानं आमच्याकडं पाठवला. मी बुचाला बोट लावलं. कुणीतरी माझा डबा पुढं ठेवून, असाच करून दे म्हटलं होतं, आणि त्यानं इमानानं माझी चूकसुद्धा पाडून तिला बूच लावलं होतं. शालननं एकेक करून विचारलं, न ओरडता. पाच भोकांचे डबे कुठं गेले? कंपनीत. घरात एखादा राहिलेला? नाही, मीच मोजून भरलेले. सोमवारी कुणाला डबा दाखवलेला? कुणालाच नाही, त्यांना सुटं कार्ड जायचं. कांबळेदादानं हे भोक कधी बघितलं? डबा ज्या कंपनीच्या हातात गेला होता तिनंच तो दुसऱ्याच्या हातात दिलेला, आणि वर मलाच माझी माणसं मोजायला लावली.

मग तिनं बेंगळूरचं पत्र आणलं आणि वाचून दाखवलं, एकेक ओळ मराठीत सांगत. कुणी रिटायर माणूस होता, हौस म्हणून कार्ड करणारा. तिच्या कागदात तिसऱ्या ओळीत एक आकडा चुकलाय, तेवढा दुरुस्त करावा म्हणजे पुढच्याचं कार्ड जळणार नाही, एवढंच त्यानं लिहिलं होतं. वाचून झाल्यावर तिनं पत्राची घडी घातली आणि मला विचारलं नाही की आता काय म्हणणं आहे.

मी कागलची गाडी धरली. कांबळेचं घर गावाच्या कडेला, पुढं शेवग्याचं झाड, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोनाड्यात कार्डांचा ढीग. त्याच्या बायकोनं पाणी दिलं, चहा टाकला. मी सगळं सांगितलं, डबा, बूच, सोल्डर. हात जोडले. माफी मागायची मला सवय नव्हती, शब्द कुठनं तरी उसने आणल्यासारखे पडत होते. त्यानं मधे तोडलं नाही. संपल्यावर म्हणाला,

"भोकामुळं कळलं व्हय, पावणं. भोक नसतं तर?"

मी चहा प्यायलो. आज सत्तरीकडं चाललोय, तो प्रश्न अजून ऐकू येतो. भोक नसतं तर मी त्या माणसाला चोर समजून मेलो असतो, आणि बायकोलाही.

शालननं कंपनीला पत्र लिहिलं, तीन प्रतींत. इथून पुढं चिपांचे आकडे घासणार नाही, आकृतीचा कागद डब्यातही घालणार, म्हणजे हंगामात बंद पडलं तर तिथल्या तिथं दुरुस्त होईल, आणि सोमवारच्या माणसांना जे मिळतं तेच तुम्हाला मिळेल. कंपनीचं उत्तर आलं नाही. दोन वर्षं आम्ही ओढूनताणून काढली. मग गावोगावच्या दूध संस्था आल्या, आजऱ्याकडचे काजूचे कारखाने आले, आणि गमतीची गोष्ट म्हणजे त्यातल्या बहुतेकांना सोमवारच्याच कुणीतरी पाठवलेलं असायचं. काजूवाले स्वतः परत आले, सर आले. वर्षभरानं कांबळेही आला. ताईकडं आला. दोन काट्यांचं त्याचं कार्ड आम्ही करायला घेतलं, आणि त्यावर त्याचं नाव घालायचं शालननं मला न विचारता ठरवलं. माझ्याशी तो नीट बोलायचा, पत्र्याबद्दल, पाऊसपाण्याबद्दल. पावणं म्हणायचा. पिशवी खुंटीला लावायचा नाही, मांडीवर ठेवायचा.

नव्या डब्यांसाठी मी नवा नमुना आखला, चार भोकांचा, झकास. शालन बाकाशी येऊन उभी राहिली.

"पाच," ती म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करतेय. तिनं बुचांची पिशवी बाकावर ठेवली. पुढं बारा वर्षं, बाजारात कॉम्प्युटरला जोडायचं सगळं पोटात घेऊन येणारे काटे आले आणि आमच्या कार्डांची गरज संपली तोपर्यंत, प्रत्येक डब्याच्या तळाला मी ते बिनकामाचं भोक माझ्या हातानं पाडलं. गिऱ्हाईक विचारायचे, ताई हे कशाला? ती माझ्याकडं बोट करायची. "ते ह्यांच्यासाठी हाय." त्यांना वाटायचं मी काहीतरी कारागिरी केली असणार. मी खाली बघून ड्रिल चालवायचो. चहा बाकावर यायचा. कधीतरी, किती वर्षांनी ते सांगता येणार नाही, तो परत हातात यायला लागला. त्या दिवशी मी ड्रिल थांबवून तो प्यायलो. त्या बेंगळूरच्या पत्राची माफी मात्र मी शेवटपर्यंत मागितली नाही. कांबळेकडं गाडी धरून गेलो आणि बायको पार्टिशनच्या पलीकडं होती, तिथं गेलो नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात म्हणणार होतो. तिनंच मला विचारलं की जेवलासा का, आणि ते राहून गेलं.

तिचा फोटो मोठा करून आणला तेव्हा दुकानातली लाकडी चौकट मला नको वाटली. शेडमधे जुन्या काळ्या पत्र्याचा एक तुकडा राहिला होता. त्याची चौकट वाकवली. पत्रा ड्रिलखाली धरायला हात थरथरायला लागलेत आता, आणि घरात दुसरं कुणी नाही. कांबळे आलेला होता, तोही रिटायर, केस पांढरे. त्यानं पिशवी मांडीवरनं काढून जमिनीवर ठेवली, उठला आणि पत्रा दोन्ही हातांनी दाबून धरला. मी चार कोपऱ्यांत चार भोकं पाडली, भिंतीला ठोकायला. मग पत्रा बोटभर आत सरकवला. त्यानं विचारलं नाही कशाला. हात तेवढे नव्या जागी दाबून धरले, घट्ट, आणि मी पाचवं पाडलं.

चौकट भिंतीला लावल्यावर तो मागं सरून बघत उभा राहिला. "पावणं, डावीकडं जरा खाली घ्या," म्हणाला. दाजी म्हणाला नाही. मी डावीकडं खाली घेतलं.